ब तुकडीचे गुण

त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका मुलाची आई होते.

म्हणजे त्यांना तसं वाटलं. मधली सुट्टी होती. आठवीचा वर्ग रिकामा होता, उघड्या खिडकीतून ओलसर वारा येत होता, आणि मी शेवटच्या बाकावर बसून तिथून फळा कितपत दिसतो ते बघत होते. तेवढ्यात गणिताचे सर आत आले. उंच, सडपातळ, हातात डस्टर. मला बघून क्षणभर थबकले, मग माझ्या पुढच्या बाकावर उलटे बसले आणि बोलायला लागले.

मुलगा हुशार आहे, ते म्हणाले. आळशी नाही, घाबरट आहे. घरी कोण घेतं अभ्यास? तुम्हीच घेत असाल, आणि दिवसभर कामावरून दमून आल्यावर कुठला धीर राहणार. आवाज चढवता का त्याच्यावर? चढवत असाल, सगळेच चढवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ते एकेक प्रश्न विचारत होते आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकत होते. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांना वाटलं की मला पटतंय. शेवटी श्वास घ्यायला थांबले तेव्हा मला जागा मिळाली.

"मला मुलगा नाही," मी म्हणाले.

"मुलगी?"

"मुलगीही नाही. लग्नच झालेलं नाही. मी शिक्षणशास्त्र संस्थेतून आलेय. तुमच्या दोन तुकड्यांवर प्रयोग करायचा आहे, मोठ्या मॅडमनी सांगितलं असेल."

त्यांचे कान लाल झाले. मग ते हसले. "मग इतका वेळ ऐकून का घेतलंत?"

"तुम्ही थांबत नव्हता," मी म्हणाले. "आणि नंतर मला त्या मुलाची काळजी वाटायला लागली."

ओळख झाली ती अशी.

मी मूळची रसायनशास्त्राची. पदवीनंतर काही वर्षं एका शाळेत शिकवलं, आणि हळूहळू लक्षात आलं की मी वर्गात जे बोलते त्यातलं मुलांपर्यंत किती पोचतं याचा मला काही पत्ताच नाही. प्रयोगशाळेत मी थर्मामीटर बुडवल्याशिवाय पाणी तापलं असंही म्हणत नसे. वर्गात मात्र माना हलल्या की झालं, समजलं सगळ्यांना. ते मला खटकायला लागलं. माणसं शिकतात कशी यावर जगभर पुष्कळ संशोधन झालेलं आहे, पण ते बहुतेक कपाटातच पडून राहतं. ते कपाटातून काढायचं आणि खऱ्या वर्गात, खऱ्या चुळबुळ्या मुलांवर चालतं का ते बघायचं, हे आमच्या संस्थेचं काम.

हा प्रयोग तसा साधा होता. गणिताच्या पुस्तकात एका पानावर एकाच प्रकारची उदाहरणं असतात. वर 'त्रिकोणाचं क्षेत्रफळ' असं लिहिलेलं असतं आणि खाली सगळे त्रिकोण. पहिलं जमलं की बाकीची आपोआप सुटतात. कुठलं सूत्र लावायचं हा विचार मुलाला करावाच लागत नाही. आम्ही अ तुकडीला दर आठवड्याला असाच एक कागद देणार होतो. ब तुकडीला उदाहरणं तीच, पण पत्त्यांसारखी पिसून. एक त्रिकोणाचं, त्याखाली दंडगोलाचं, त्याखाली मागच्या महिन्यातलं वर्तुळाचं. वर मथळा नाही. शिकवणारे सर तेच, पुस्तक तेच, तासही तेवढेच. धडा संपून महिना झाला की दोन्ही तुकड्यांना न सांगता एकच चाचणी.

सरांसाठी एक नियम होता. कुठली तुकडी पुढे जाईल असं आम्हाला वाटतं, ते त्यांनी विचारायचं नाही, आणि त्याबद्दल कुठे वाचायचंही नाही. शिक्षकाला एखाद्या वर्गाकडून अपेक्षा असली की तो नकळत तिथे जास्त जीव ओततो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, नाही विचारणार, नाही वाचणार, शब्द दिला. चहा सांगावा तितक्या सहज म्हणाले.

मग मी जवळजवळ रोज शाळेत जायला लागले. सरांना मुलं एक्स्प्रेस म्हणत, कारण ते लहान स्टेशनांवर थांबत नसत. माझं नाव शेवटचा बाक पडलं. आणि पिसलेल्या कागदाला ब तुकडीने नाव दिलं भेसळ. सर वर्गात शिरले की पुढून कोणीतरी खालच्या आवाजात विचारायचं, सर, आज पण भेसळ? सर म्हणायचे, शुद्ध माल अ तुकडीत गेला, तुमच्या नशिबी हेच. मुलं कण्हत कण्हत वह्या उघडायची.

कागद मी गोळा करायचे आणि तपासायचेही मीच. शाळा सुटल्यावर कँटीनमध्ये सरांबरोबर बसून तासाला काय काय झालं ते लिहून घ्यायचं, हाही कामाचाच भाग होता. पंधरा-वीस मिनिटांत व्हावं असं ते काम. पण सर कुठलीही गोष्ट सरळ सांगत नसत. अमुक मुलाने सूत्र चुकीचं लावलं, एवढं सांगायला ते त्या मुलाच्या आजोबांपर्यंत जायचे. मी पेन खाली ठेवायचे आणि पुन्हा उचलायला विसरायचे.

"तुम्ही त्या बाकावर बसून माझ्याबद्दल काय लिहिता?" एकदा त्यांनी विचारलं.

"फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलता ते."

"आणि?"

"बराच वेळ बोलता."

"पाठमोरा बरा दिसतो का पण?"

"तसा रकाना नाही," मी म्हणाले, आणि कपात बघत राहिले, कारण माझ्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

मी दादा-वहिनीकडे राहते. वहिनी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर तिच्यापुढे बसलेल्या माणसांना तोंड उघडं असूनही बोलता येत नाही, त्यामुळे घरी आली की ती कोणालाच गप्प बसू देत नाही. रोज दार उघडताना ती विचारायची की एक्स्प्रेस आज कुठे कुठे थांबली. मी म्हणायचे, काम होतं. ती म्हणायची, हो तर, शाळेच्या कँटीनमध्ये दोन दोन कप चहा पिऊन घरी येऊन चहा नको म्हणणं, हे फार जोखमीचं काम आहे.

चौथ्या कागदापर्यंत चित्र स्पष्ट झालं. अ तुकडीचे गुण चढत होते. ब तुकडीचे घसरत होते, आणि चांगलेच घसरत होते. अ तुकडीतली मुलं ऐटीत सांगायची की आम्हाला सगळं येतं. ब तुकडीतली एक मुलगी कागद हातात आल्यावर रडली.

मला यात आश्चर्य नव्हतं. आधीच्या संशोधनात हेच दिसलं होतं. पिसलेली उदाहरणं सोडवताना मुलं अडखळतात, गुण कमी येतात, आपल्याला काही येत नाही असं त्यांना वाटतं. आणि महिन्याभराने बघितलं तर टिकलेलं बहुतेक त्यांचंच असतं. सलग एकाच प्रकारची सोडवणाऱ्यांचं उलटं. तेव्हा सोपं जातं आणि मग निसटून जातं. पण हे मला ठाऊक होतं, सरांना नाही. शिवाय जगभरातलं 'बहुतेक' म्हणजे या वर्गातलं 'नक्की' नव्हे. तेच तर आम्ही बघायला आलो होतो.

ब तुकडीचे पालक मोठ्या मॅडमना भेटायला आले. मोठ्या मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. फार बोलत नाहीत, पण बोलल्या की शाळेत त्या दिवशी दुसरं कोणी बोलत नाही. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर शाळेत तात्पुरते होते. गणिताची कायम जागा वर्षअखेरीस भरायची होती आणि कोणाचं नाव पुढे पाठवायचं ते मॅडमच्या हातात होतं. मॅडम म्हणाल्या की प्रयोगाला मी परवानगी दिली आहे, ती मी मागे घेणार नाही. पण ब तुकडी शेवटपर्यंत अशीच राहिली तर मी तुमचं नाव कुठल्या तोंडाने पाठवू?

हे त्यांनी मला बसथांब्यावर सांगितलं. पाऊस लागला होता, जोराचा नव्हे, पण एकदा लागला की संध्याकाळभर न सोडणारा. थांब्याच्या पत्र्यावर त्याचा बारीक आवाज येत होता. आमची एक बस गेली, आणि आम्हा दोघांपैकी कोणीच हात केला नाही.

ही त्यांची तिसरी शाळा होती. आधीच्या दोन्हीकडे तात्पुरतेच होते. वडील गेल्यावर ते आईला इथे घेऊन आले. सुरुवातीचे महिने आई खिडकीतून हलत नसे. आता तिला बागेतल्या बायका भेटल्यात, औषधवाला नावानिशी ओळखतो, समोरच्या घरातलं मांजर तिच्याकडेच असतं. तिला इथून उचलून पुन्हा नव्या गावी न्यायचं म्हणजे... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते वाक्य अर्धं सोडतात हे मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

"मी कारण नाही विचारत," ते म्हणाले. "नियम माहीत आहे. फक्त एवढंच सांगा... मी घाबरू की नको?"

नको, एवढा एक शब्द होता. मी तो म्हटला असता तर दुसऱ्या दिवशी ते ब तुकडीत हसत शिरले असते. त्यांच्या हसण्याने मुलं सैलावली असती, आणि चाचणीत काही चांगलं आलंच असतं तर ते कागदांमुळे आलं की त्या हसण्यामुळे, ते कोणालाच सांगता आलं नसतं. मोठ्या मॅडमना तर नाहीच.

"मला सांगता येत नाही," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "यात शोधलं तर मिनिटात सापडेल, नाही? जगात कोणी ना कोणी केलंच असेल हे."

"सापडेल."

"काल हातात घेतला होता. परत ठेवला."

"का?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "तुम्हाला शब्द दिला होता ना," ते म्हणाले, आणि फोन खिशात टाकून बस येतेय का ते बघायला थांब्याबाहेर गेले. केसांवर पावसाचे थेंब घेऊन परत आले. मी दुसरीकडे बघायला हवं होतं. बघितलं नाही.

आमच्याकडे एक शिस्त आहे. मधूनमधून आपणच तपासलेला जुना गठ्ठा काढायचा, आधी दिलेले गुण झाकायचे आणि सगळं नव्याने तपासायचं. माणूस कधी दमलेला असतो, कधी चिडलेला. हात एकसारखा चाललाय ना, ते कळतं. सहावा कागद तपासून झाल्यावर मी सगळे गठ्ठे काढून बसले.

अ तुकडीचे गुण जुळले. ब तुकडीचे पहिले चार कागदही जुळले. पाचव्यापासून जुळेनात. एका मुलाने सूत्र बरोबर लिहून आकडेमोड चुकवली होती; त्याला मी अर्धा गुण दिला होता. अ तुकडीतल्या तशाच चुकीला काहीच दिला नव्हता. एका मुलीचा खोडलेला आकडा मी तिच्या बाजूने वाचला होता. असं आणखी बऱ्याच ठिकाणी. प्रत्येक वेळी अगदी थोडं, आणि प्रत्येक वेळी जास्तच. दमल्यामुळे चुका होतात तेव्हा त्या दोन्हीकडे होतात. या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या.

आयुष्यात मी कधी कोणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही. माझ्या लाल पेनाने ते माझ्या आधी ओळखलं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रोफेसरांकडे गेले. ते वयाने मोठे, स्वभावाने कोरडे, आणि खोलीत खुर्च्यांपेक्षा पुस्तकं जास्त. मी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की माझं तपासणं आता विश्वासाचं राहिलेलं नाही. सगळे कागद आणि शेवटची चाचणी दुसऱ्या कोणीतरी तपासावी. शाळेबाहेरच्या, संस्थेबाहेरच्या माणसाने. नावं आणि तुकड्या झाकून.

त्यांनी चष्मा वर करून दोन-चार कागद बघितले. "पद्धतीच्या प्रेमात पडलात की माणसाच्या?"

"माणसाच्या," मी म्हणाले.

"त्यांना माहीत आहे?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि मग मला जे आधीच कळत होतं तेच सांगितलं. चाचणी होईपर्यंत सरांना सांगायचं नाही. कारणही सांगायचं नाही. शाळेत जायचं नाही. कागद दुसरं कोणी नेऊन देईल. "प्रयोग बिघडलेला नाही," ते म्हणाले, "मोजपट्टी तापली आहे. ती बदलू." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली आणि म्हणाले की स्वतःहून येऊन सांगितलंत, हे बरं केलंत. त्यांच्या तोंडून ही फार मोठी स्तुती होती. मला तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता.

कँटीनमध्ये सरांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. मी बसले नाही. पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही, आमच्या संस्थेतलं दुसरं कोणीतरी येईल, एवढं सांगितलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "इतकं वाईट चाललंय?"

"मला सांगता येत नाही."

"तुम्हाला बरंच काही सांगता येत नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. कप माझ्यापुढून उचलून आपल्याकडे ओढला, आणि त्यातला चहा प्यायलेही नाहीत.

पुढचे आठवडे मी संस्थेत बसून दुसऱ्या प्रकल्पाची आकडेवारी नीट लावली. वहिनीला पहिल्याच संध्याकाळी कळलं, कारण मी घरी येऊन चहा मागितला. तिने सगळं काढून घेतलं माझ्याकडून, दाढ काढावी तसं. मग म्हणाली, कर ना त्यांना फोन. मी म्हणाले, प्रयोग संपलेला नाही. ती म्हणाली, तुमच्या प्रयोगात तिकडे एक माणूस उकळतोय, त्याचं तापमान कोण बघणार? सर तिकडे रोज असं समजत असणार की आपण हरलोय आणि ही बाई ते बघून पळाली. आणि मला हे दुरुस्त करता येत नव्हतं, कारण त्यांची नोकरी वाचायची असेल तर ती मी गप्प राहण्यानेच वाचणार होती. तेही ब तुकडीने खरंच चांगलं केलं तरच. नाही केलं, तर त्यांचं घर या गावातून उठणार होतं, आणि ते माझ्या कागदांनी उठवलेलं असणार होतं.

चाचणी झाली. पेपर दूरच्या एका विद्यापीठातल्या बाईंकडे तपासायला गेले. त्यांनी आमची शाळा पाहिलेली नव्हती, त्यांच्यापुढे फक्त क्रमांक होते. गुण परत आले, आम्ही ते तुकड्यांशी जुळवले, आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं.

त्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. सरांनी दाढी नीट केलेली होती आणि ते कोणाकडेच बघत नव्हते. प्रोफेसरांनी घसा खाकरून सांगितलं की ब तुकडी पुढे आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच पुढे. अ तुकडीतल्या अनेक मुलांना सूत्रं सगळी पाठ होती, पण कुठलं कुठे लावायचं तेच ठरवता आलं नाही. ब तुकडीची मुलं ते ठरवायला कितीतरी आठवडे शिकत होती. म्हणून तर त्यांना अवघड जात होतं.

मग सरांनी जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती.

"मग अ तुकडीचं काय?" ते म्हणाले. "त्यांना मीच इतके दिवस सांगत होतो की तुम्हाला छान येतंय. त्यांना हे कागद कधीपासून देता येतील?"

मोठ्या मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"एक शंका आहे," त्या म्हणाल्या. "स्पष्ट बोलते, राग मानू नका. कागद या बाई तपासायच्या. आणि या बाईंना आणि सरांना मी कँटीनमध्ये बघितलेलं आहे. एकदा नाही. मला माणसं बघून कळतात, तीस मुलांच्या वर्गात कोण कोणाकडे बघतंय ते ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय. उद्या पालक मला विचारतील की हे गुण खरे कशावरून. मी काय सांगू?"

सर घाईने बोलायला लागले, की मॅडम, तसं काही नाही, त्या फक्त कामासाठी, आणि त्या तर कितीतरी आठवडे आलेल्याही नाहीत. ते मला वाचवत होते. त्याने त्यांचंच नुकसान होत होतं. प्रोफेसर छताकडे बघत होते. हे मी बोलायचं होतं.

"चाचणी मी तपासलेली नाही, मॅडम," मी म्हणाले. "आधीचे कागदही पुन्हा दुसऱ्यांकडून तपासून घेतलेत. तशी मीच विनंती केली होती."

"का?"

"माझ्याकडून ब तुकडीला जास्त गुण जात होते. मी मुद्दाम देत नव्हते. पण जात होते. ब तुकडी मागे पडली तर सर इथून जातील हे मला माहीत होतं, आणि..." मी पुन्हा सुरुवात केली. "सर जायला नको होते मला. कँटीनमध्ये तुम्ही जे बघितलंत ते बरोबर बघितलंत. सरांना यातलं काही माहीत नाही. त्यांना सांगितलं असतं तर चाचणीवर परिणाम झाला असता, म्हणून सांगितलं नाही. म्हणूनच मी यायचं थांबले. हे गुण खरे आहेत, मॅडम. माझा हात लागू नये म्हणून ते इतके लांब पाठवले होते."

बाहेर मैदानावर चेंडू भिंतीवर आपटत होता.

मी सरांकडे बघितलं नाही. मोठ्या मॅडमकडे बघत राहिले, कारण प्रश्न त्यांचा होता. त्यांनी टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"पालकांना यातलं निम्मं सांगितलं तरी पुरेल," त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "अ तुकडीला सोमवारपासून कागद सुरू करा. पुढच्या वर्षी सातवीपासूनच सुरू करायचेत, आणि ते तुम्हीच करायचंय. तुमचं नाव मी आज पाठवते."

सर हो मॅडम म्हणाले. दारापर्यंत जाईतो त्यांना त्याचा अर्थ लागला नसावा, कारण चौकटीत ते एकदम थांबले आणि प्रोफेसर मागून त्यांच्यावर आपटले.

व्हरांड्यात आल्यावर प्रोफेसर म्हणाले की त्यांना एक महत्त्वाचं काम आठवलं. त्यांना काही काम नव्हतं. ते जिना उतरून गेले आणि आम्ही दोघंच उरलो. सर कठड्याला टेकून उभे होते आणि गप्प होते. त्यांच्या गप्प राहण्याची मला सवय नव्हती.

"कधीपासून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाचव्या कागदापासून. आधीचे चारही बरोबर आहेत, मी पुन्हा तपासले."

"म्हणजे तो पावसाचा आठवडा."

"हो."

ते मैदानाकडे बघत हसले, पण नीट हसता येत नव्हतं त्यांना. "माझं त्याच्या बरंच आधीपासून आहे."

"कशावरून?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"आईवरून," ते म्हणाले. "तिने विचारलं, शाळेतून यायला एवढा उशीर का होतो हल्ली. मी म्हणालो, गणित. ती म्हणाली, गणितासाठी कोणी रोज शर्टाला इस्त्री करत नाही." मग माझ्याकडे वळले. "आणि नंतर उशीर व्हायचा थांबला, तेव्हा तिने काहीच विचारलं नाही. गेले कितीतरी आठवडे ती माझ्याशी अगदी जपून बोलतेय. आजारी माणसाशी बोलावं तसं."

"मला सांगता येत नव्हतं," मी म्हणाले.

"आता येतं ना?"

"येतं."

"मग तिलाच सांगा. आज. शाळा सुटल्यावर." घंटा झाली. ते पायऱ्यांकडे निघाले, दोन पायऱ्या चढले आणि परत खाली उतरले. "याल ना?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी उत्तर देऊन टाकलं नाही. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"येईन," मी म्हणाले.

मग ते एकेक सोडून पायऱ्या चढत वर गेले. वरच्या मजल्यावर अ तुकडीचा गलका होता, तो एकदम थांबला.

मी खाली येऊन वहिनीला फोन केला आणि सांगितलं की मला उशीर होईल, सरांच्या आईंना भेटायला जातेय. पलीकडे कोणाच्या तरी दातात यंत्र फिरत होतं. ते बंद झालं.

"कुठला ड्रेस घातलायस?" वहिनीने विचारलं.

"निळा. संस्थेत घालते तो."

"बाहीवर लाल पेनाचा डाग आहे तो?"

मी बाही बघितली. होता.

"असू दे," वहिनी म्हणाली. "मास्तरची आई आहे. तिला सवय असेल."